फ्लॅट नंबर ४०४, शुक्रवार १३ आणि सासूबाईंची चतुर्थी

पत्र (थोडं कापून देतोय):

"दादा नमस्कार. आम्ही नागाळा पार्काच्या बाजूला टू बीएचके बुक केलाय, चौथा मजला, फ्लॅट नंबर ४०४. मिस्टर आयटीत आहेत, जपानी क्लायंटचं काम करतात, मधी दीड वर्ष नागोयाला राहून आले. ते म्हणतात तिकडं चार म्हणजे मरण, लिफ्टमध्ये चारचं बटण पण नसतं, आणि आपल्या नंबरात तर दोन दोन चार. नणंद लंडनला असते, तिला दस्ताची तारीख कळल्यापासून ती व्हॉट्सॲपवर मागंच लागलीय, कारण तारीख येतीय १३ आणि वार शुक्रवार. त्यात मिस्टरांच्या मित्रानं एक न्यूमरॉलॉजिस्ट गाठून दिला, तो म्हणतो चार अधिक शून्य अधिक चार म्हणजे आठ, शनीचा आकडा, दारावर ४०३ए लावा, फी साडेसात हजार. सासूबाई तेवढ्या शांत आहेत, म्हणतात चार म्हणजे चतुर्थी, गणपतीचं घर, डोळे झाकून घ्या. टोकन देऊन झालंय, बिल्डर रोज फोन करतोय. काय करू?
- ४०४ वाली, कोल्हापूर"

वैनी,

आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. फ्लॅट घ्या, नंबर ४०४ च ठेवा, दस्त शुक्रवारीच करा आणि साडेसात हजार वाचवा (फी पण साडेसात, शनीचा माणूस खरा!). आता पुढचं वाचताना मिस्टरांना शेजारी बसवून घ्या, निम्मं त्यांच्यासाठीच लिहिलंय.

तुमच्या एका फ्लॅटवर जपान, इंग्लंड आणि तो बेरीजवाला अशा तीन पार्ट्यांनी एकदम हक्क सांगितलाय, आणि गंमत म्हणजे या तिघांचं आपसात अजिबात पटत नाही. नागोयाच्या माणसाला १३ तारखेचा दस्त सांगा, तो हसत हसत सही करंल. लंडनच्या माणसाला ४०४ ची चावी द्या, तो फक्त पडद्याचा कलर विचारंल. आणि बेरीज आठ येते हे एखाद्या चिनी माणसाला सांगितलं तर तो म्हणंल असा नंबर मिळाला कसा, मला द्या, वर पैसे देतो. घाबरायचं कुणाचं ऐकून ते तरी आधी ठरवा की घरात.

मिस्टरांचं आधी घेतो, कारण ते काय उगाच बोलत नाहीत, बघून आलेत. जपानीत चारला शी म्हणतात आणि मरणाला पण शी. नऊला कु आणि हालअपेष्टांना पण कु. म्हणून तिकडं बऱ्याच हॉस्पिटलांत आणि हॉटेलांत ४ आणि ९ च्या खोल्या गाळतात, बाळंतपणाच्या वॉर्डात ४३ नको म्हणतात कारण तो उच्चार मेलेल्या बाळाच्या शब्दाजवळ जातो, आणि गाडीच्या नंबराच्या शेवटी ४२ किंवा ४९ सहसा देतच नाहीत, ४२ वाचलं की 'मरणं' असं ऐकू येतं म्हणून. एवढं खरं. पण लिफ्टचं बटण नसतं हे मिस्टरांनी जरा वाढवून सांगितलं बघा. चारच्या जागी एफ लिहिलेलं बटण कोरियात दिसतं, आणि हाँगकाँगच्या काही टॉवरांत ४, १४, २४, ३४ आणि चाळीस ते एकोणपन्नासपर्यंतचे सगळे मजले कागदावरनं गायब असतात, म्हणजे पन्नासाव्या मजल्यावर राहणारा माणूस मोजून बघितला तर छत्तिसाव्यावर राहत असतो आणि पैसे पन्नासाव्याचे भरतो! जपानात मात्र साध्या इमारतींना चौथा मजला असतो, लोक राहतात, धुणं वाळत घालतात. एवढंच काय, जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी एकाचं नावच शिकोकू, म्हणजे चार प्रांतांचा मुलूख. त्या नावातला शी तोच, चारचा. लाखो लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या नांदतायत.

तर सगळी गडबड उच्चाराची आहे. चीनमध्ये तसंच, कोरियात तसंच, चार आणि मरण कानाला जवळजवळ सारखं. मराठीत चार म्हटल्यावर काय आठवतं? चार घास, चार पैसे, चारचौघं. आता एखादा म्हणंल खांदे पण चारच लागतात, तर लागतात की, पण मांडवाला खांब पण चारच लागतात. चार हा शब्द आपल्या कानाला मेलेला नाही, विषय संपला.

मिस्टरांच्या हातात वनप्लसचा फोन असला तर त्यांना एक विचारा, चार नंबरचा मॉडेल कुठाय? नाहीच. कंपनी चिनी, ३टी नंतर थेट ५ काढला. पुढं १३ मात्र बिनधास्त काढला, कारण तेराचं चिनी माणसाला काही पडलेलं नाही, आणि त्याच्यानंतर १४ गाळून थेट १५! बघा म्हणजे, तुमच्या नणंदेला जो आकडा नको तो त्यांनी दुकानात मांडला आणि मिस्टरांना जो नको तो गाळला. जिथल्या माणसाची जी खोड.

आता एक प्रश्न मिस्टर विचारणार हे मला माहिताय, की भीती खोटी असली तरी उद्या फ्लॅट विकताना गिऱ्हाईक नाही मिळालं तर? हा प्रश्न वाजवी आहे. कॅनडात व्हँकुव्हरला अभ्यास झालाय, चिनी वस्ती जास्त असलेल्या भागात चार आकड्यानं संपणारी घरं साधारण २ टक्क्यांनी स्वस्त गेली आणि आठनं संपणारी अडीच टक्क्यांनी महाग. पण जिथं चिनी वस्ती जास्त तिथंच. नागाळा पार्कात चारचा भाव पाडायला गिऱ्हाईक कुठनं आणणार? इथं माणूस रोड टच आहे का, पाणी किती वेळ येतं आणि सोसायटीत भांडणं किती ते विचारतो. त्याच व्हँकुव्हरनं २०१५ ला बिल्डरांना ४, १३ असले मजले गाळायला बंदी केली, कारण फायर ब्रिगेडचा माणूस आग लागल्यावर वरच्या मजल्यावर पळताना हिशोब करत बसत नाही.

हे वाचून मिस्टर हसतील आणि तरी आतनं भीती जायची नाही, असं होतं. भीतीचा आकडा खोटा असला तरी भीतीचा खर्च खरा असतो, त्याला त्यांच्याच जपानचं उदाहरण देतो. तिकडं ६० वर्षांनी एकदा 'आगीच्या घोड्याचं' वर्ष येतं, त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते असा समज. (आपल्याकडची मंगळी मुलगी आठवली का? मला पण तीच आठवली.) १९६६ ला ते वर्ष आलं आणि एका वर्षात जपानमधले जन्म चौथाईनं कमी झाले! युद्ध नाही, दुष्काळ नाही, नुसतं पंचांग. आणि पुढचं असं वर्ष कुठलं, तर २०२६.

अजून एक आहे, ते लपवत नाही. २००१ ला अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात म्हटलेलं की चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांत हृदयविकारानं जाणारे महिन्याच्या ४ तारखेला जास्त, गोऱ्या लोकांत तसं काही नाही. म्हणजे आकड्यानं नाही, टेन्शननं. नंतर दुसऱ्या लोकांनी त्याची आकडेमोड तपासली, वेगळ्या वर्षांचे दाखले लावून बघितले, तर तसं सापडलं नाही, त्यामुळं ते प्रकरण तिथंच लोंबकळतंय. पण समजा खरं धरलं तरी ती माणसं आईच्या मांडीवर असल्यापासून ते ऐकत वाढलेली. मिस्टर दीड वर्षात शिकून आलेत, दीड वर्षातच जाईल.

आता लंडन.

नणंदबाईंना सांगा की तेराचं खूळ युरोपातलंच, पण ते पण सगळीकडं सारखं नाही. येशूच्या शेवटच्या जेवणाला पंगतीत १३ जण होते आणि त्याला सुळावर चढवलं तो शुक्रवार, ही त्यांची जोडणी, आणि शुक्रवार आणि १३ हे दोन्ही मिळून एक भूत व्हायला तर एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, त्याच्या आधी फारसा उल्लेखच सापडत नाही. स्पेनमध्ये आणि ग्रीसमध्ये शुक्रवारचं काही नाही, तिथं वाईट तो मंगळवार १३. इटलीत गेलात तर १३ लकी, आणि नको असतो १७! का, तर रोमन पद्धतीनं लिहिलेल्या १७ ची अक्षरं उलटीपालटी केली की 'विक्सी' होतं, लॅटिनमध्ये 'मी जगलो', म्हणजे आता नाही. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीनं १७ नावाची गाडी काढलेली ती इटलीत १७७ म्हणून विकली.

आणि नणंद अपोलो १३ काढणार, काढतातच सगळे. यान उडालं ११ एप्रिल १९७० ला, ह्यूस्टनच्या घड्याळात १३ वाजून १३ मिनिटं, आणि ऑक्सिजनची टाकी फुटली १३ तारखेला. अंगावर काटा येतो ना? पण टाकी फुटली कशानं ते ऐका. टाकीतल्या हीटरचा स्विच २८ व्होल्टचा होता आणि जमिनीवर टेस्ट करताना त्याला ६५ व्होल्ट दिले, स्विच चिकटून बसला, आत वायरीचं कव्हर जळालं, आणि वर गेल्यावर ठिणगी पडली. आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही वायंडिंगवाल्याला विचारा, तो पहिल्या वाक्यात सांगंल काय झालं असणार. आणि तिघं पण जिवंत परत आले, १७ तारखेला, आणि तो वार होता शुक्रवार. म्हणजे इटलीच्या हिशोबानं सगळ्यात वाईट दिवशी सुखरूप उतरले. आता बोला.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाचं तर लईच भारी आहे. १८९८ ला तिथं एका शेठजीच्या पंगतीत १३ जण बसले आणि पुढं आफ्रिकेत त्या शेठजीला कुणीतरी गोळी घातली. मग हॉटेलवाले तेरा जण असले की आपला एक वेटर चौदावा म्हणून बसवायला लागले, पण खासगी बोलणी वेटर ऐकतो म्हणून लोक वैतागले, शेवटी १९२० च्या दशकात लाकडाचं काळं मांजर करून घेतलं, नाव कॅस्पर. तेराची पंगत असली की कॅस्परला खुर्चीवर बसवतात, गळ्यात नॅपकिन बांधतात आणि प्रत्येक पदार्थ त्याच्या पुढं रीतसर वाढतात. आपल्याकडं मांजर आडवं गेलं तर लोक थांबतात, तिथं मांजर पंगतीला बसलं की सुटतात! त्याच्या उलट न्यूयॉर्कात १८८२ ला थर्टीन क्लब म्हणून निघालेला, १३ तारखेला १३ जण १३ नंबरच्या खोलीत जेवायला बसायचे, शिडीखालनं आत यायचे, मुद्दाम मीठ सांडायचे. पुढं त्याच्या मेंबरांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पण झाले.

आता आपण आपल्या गावात येऊ. शुक्रवार म्हणजे कुणाचा वार? अंबाबाईचा. मंगळवार आणि शुक्रवारी महाद्वारातली गर्दी बघा आणि मग सांगा हा वार वाईट आहे म्हणून. स्पेनवाल्याचा मंगळवार घ्या नाहीतर इंग्रजाचा शुक्रवार घ्या, दोन्ही आपल्या आईचेच निघतात. आणि तेरा? त्रयोदशी म्हणजे तेरावी तिथी, आणि धनत्रयोदशीला गुजरीत पाय ठेवायला जागा नसते, लोक रांगा लावून वळं, नाणं, काहीतरी घेतातच. आता सासूबाईंच्या वयाची माणसं म्हणतील तेराव्याचं काय. बरोबर, माणूस गेल्यावर तेरावं असतं, तीनतेरा वाजले पण म्हणतो आपण. पण तेराव्याला घर सुतकातनं मोकळं होतं, तो सुटण्याचा दिवस. शिखांकडं तर गुरू नानक धान्य मोजताना तेरावर आले आणि 'तेरा, तेरा' म्हणजे तुझंच, तुझंच असं म्हणत मोजतच राहिले अशी गोष्ट सांगतात, तिथं तो आकडा देवाचा झाला.

तर दस्त शुक्रवारी. उलट नणंदेसारखा विचार करणारे चार जण त्या दिवशी आले नाहीत तर रजिस्ट्रार ऑफिसात तुमचा नंबर लवकर लागंल, फायदाच.

न्यूमरॉलॉजीवाल्याचं फार बोलत नाही. आठ म्हणजे शनी ही वाटणी तो काय ज्ञानेश्वरीतनं काढत नाही. आपल्याकडं पुस्तकाच्या गाड्यावर मिळणारी जी आकड्यांची विद्या आहे ती बरीचशी कीरो नावाच्या आयरिश माणसाकडनं आलीय, त्यानंच ४ आणि ८ ला बदनाम करून ठेवलं. तेच आठ चीनमध्ये भरभराटीचं, इतकं की बीजिंगची ऑलिंपिक ८-८-२००८ ला रात्री ८ वाजता सुरू केली. एकच आठ, एकाच आकाशाखाली, इकडं साडेसाती आणि तिकडं लॉटरी?

पण ४०३ए हा प्रकार मात्र अजिबात करू नका, यात श्रद्धेचा संबंध नाही, कागदाचा आहे. दस्तात ४०४, सूची दोनमध्ये ४०४, बँकेच्या लोनच्या कागदात ४०४, घरफाळ्याला ४०४, लाइटच्या मीटरला ४०४, आणि दारावर ४०३ए. मग पोस्टमन, गॅसवाला, बँकेचा व्हेरिफिकेशनचा पोरगा, सगळे ४०३ वाल्याची बेल वाजवणार आणि महिन्याभरात शेजाऱ्याशी वाकडं. अँब्युलन्स बोलवायची वेळ आली तर काय होईल ते लिहित नाही. मिस्टरांच्या समाधानासाठी काही करायचंच असलं तर दारावर नंबर बारीक आणि आडनावाची पाटी मोठी, छान सागवानी. आपल्याकडं तसं पण नंबर कोण विचारतंय, 'अमक्यांचं घर कुठलं' असंच विचारतात.

मिस्टरांना येडं ठरवू नका पण, एवढं ऐका. 'शिकून पण असं' हे वाक्य तर अजिबात नको. अंधश्रद्धा काय फक्त अडाण्याची नसते, क्रिकेटमधले इंग्लिश अंपायर डेव्हिड शेफर्ड स्कोअर १११ झाला की भर मैदानात एक पाय उचलून उभे राहायचे, जगभरची माणसं टीव्हीवर बघायची, आणि त्यांचे डिसिजन काय त्यामुळं कुणी चुकीचे म्हटले नाहीत. मिस्टरांना उलटं विचारा, जपानात लग्नाला पाकिटात किती घालायचात? ते सांगतील, ३० हजार येन घालतात, जोडीचा आकडा नको, कारण तो निम्मा निम्मा फुटतो. मग सांगा की आपण पाचशेवर एक रुपया ठेवतो ते तरी काय आहे? त्यांना परकं वाटायचं नाही.

आणि सासूबाई आपल्या बाजूच्या आहेत म्हणून त्यांना फार हुशार पण समजू नका हां, त्या ताटात तीन चपात्या वाढतात का तेवढं बघा एकदा. नाही वाढणार. तीन तिघाडा. कामाला तिघं मिळून बाहेर पडायला निघाले की एकाला थांबवतील. आणि देवी मात्र साडेतीन शक्तिपीठांतली, मुहूर्त पण साडेतीन, तिथं तीन चालतो! छत्तीसचं तर अजून भारी, ३ आणि ६ एकमेकांना पाठ करून बसतात म्हणून भांडणाचा आकडा झाला, पण तो देवनागरीत लिहिला तरच. मोबाइलवर इंग्रजी आकड्यात टाइप करा, भांडण मिटलं.

मला विचाराल तर कोल्हापुरात फ्लॅट घेणाऱ्यानं घाबरावं असे आकडे दोनच, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. (योगायोग बघा, अफगाणिस्तानात ३९ म्हणजे भडव्याचा आकडा समजतात, काबूलमध्ये ३९ असलेली गाडी कुणी घेईना अशी परिस्थिती झालेली. आणि ४३ चं जपानी वर सांगितलंच.) २०१९ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला परत, आणि नागाळा पार्काच्या काही भागात पाणी होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. या आकड्यांच्या मागं उच्चार नाही, बेरीज नाही, धरणं, पाऊस आणि नदीत घातलेला भराव आहे.

त्या हिशोबानं बघितलं तर चौथा मजला ही सगळ्यात चांगली बातमी आहे, तुमच्या पत्रातली. फक्त तुम्ही वर कोरडे राहून भागत नाही. बिल्डर रोज फोन करतोय ना, आज त्यालाच विचारा, बिल्डिंग निळ्या पूररेषेच्या आत आहे का बाहेर, आणि लाल रेषेचं काय. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला, आणि आपण तर दोन वर्षांच्या फरकानं दोन बघितलेत, त्यामुळं लाल पण विचाराच. नकाशावर दाखव म्हणा, तोंडी नको. मीटर रूम तळमजल्यावर आहे का वर घेतलीय, जनरेटर कुठं बसवलाय, बोअरची मोटर पाण्यात जाते का, २०१९ ला गल्लीच्या तोंडाला पाणी कुठवर होतं, हे शेजारच्या जुन्या बंगल्यातल्या माणसाला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवंल. मिस्टर आयटीतले आहेत, हे काम त्यांना द्या, एक्सेल शीट करतील आणि चारची भीती तिथंच मागं पडंल.

आणि पार्किंगचं पत्रात काहीच लिहिलं नाहीत. ते दस्तात लिहून घ्या, आणि बेसमेंटला मिळणार असेल तर जुलै-ऑगस्टला गाडी कुठं लावायची ते सही करायच्या आधी ठरवा.